होळीमागचा ईस्टर

शेगावचे गजानन महाराज समाधिस्थ झाले ती तारीख ८ सप्टेंबर १९१०, आणि तिथी भाद्रपद शुद्ध पंचमी. शेगाव तिथी पाळतं. म्हणून पुण्यतिथीचा उत्सव कधी ऑगस्टच्या शेवटाला येतो, कधी सप्टेंबर अर्धा उलटल्यावर. २०२४ ला मात्र ऋषिपंचमी नेमकी ८ सप्टेंबरला पडली. २००५ लाही तशीच पडली होती. १९१० ते २०२४ ही वर्षं झाली ११४, आणि एकोणीस सक एकशे चौदा. एकोणीस वर्षांत चंद्राचे २३५ महिने जवळपास तंतोतंत बसतात. तेवढ्या काळाने तिथी फिरून त्याच तारखेला येते.

हे मी सांगतोय ते गणिताचा निवृत्त मास्तर म्हणून, आणि मलकापूरचा कॅथलिक म्हणूनही. ८ सप्टेंबर हा आमच्याकडे पवित्र मरियेच्या जन्माचा सण. त्या सुमारास श्रीरामपूरजवळ हरेगावी मतमाउलीची यात्रा भरते. हा सण तारखेचा. ईस्टर मात्र तिथीसारखा फिरता, आणि तो ज्या आकड्यावर फिरतो तो आकडाही एकोणीसच. १९१० ला ईस्टर ज्या पौर्णिमेमागून आला ती चर्चच्या कोष्टकात २५ मार्चची होती, २०२४ लाही २५ मार्चचीच. ऋषिपंचमी काढणारा पंचांगकर्ता आणि ईस्टर काढणारा रोमचा गणिती यांची कधी गाठ पडली नसेल, पण हिशोबाचा खांब दोघांचा एकच.

निवृत्तीनंतर एक काम माझ्याकडे न मागता आलं. आमच्या चार-दोन घरांतली पोरं, सुना, मिस्सेला आलेल्या सिस्टर फोन पुढे करतात आणि म्हणतात, ‘‘मास्तर, याच्यात आपलं चर्चचं कॅलेंडर टाकून द्या ना.’’ त्यांना वाटतं, नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि पाचपन्नास संत लिहिले की झालं. फोन बनवणाऱ्यांनाही तसंच वाटतं. ‘ख्रिस्ती सुट्ट्या’ म्हणून एक तयार यादी असते, ती एका टिचकीत चालू होते. पण चर्चचं वर्ष ही यादी नाही. ते पंचांग आहे. त्याला तिथी आहे, क्षय आहे, एका सणाने दुसऱ्याला बाजूला सारण्याचे नियम आहेत, आणि प्रदेशानुसार भेद आहेत. ज्या जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते, होळीला सैलानीच्या दर्ग्यावर नारळांची होळी पेटते आणि १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्मोत्सव भरतो, त्या जिल्ह्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. एक सण तिथीचा, दुसरा मुसलमान पीराचा असून हिंदू तिथीचा, तिसरा चक्क इंग्रजी तारखेचा. आपण हे तिन्ही हिशोब डोक्यात ठेवूनच मोठे होतो. अडचण आहे ती फोनाची.

हे पंचांग आमच्याकडे आलं कसं, ते आधी सांगतो.

इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतलं, आणि कचेरीत तारीख आली. मग रेल्वे आली. खामगावचा कापूस थेट मुंबईला जावा म्हणून जलंबहून फाटा काढला, त्याचं उद्घाटन १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं केलं. रेल्वेबरोबर गार्ड, ड्रायव्हर, फिटर आले, आणि त्यांच्यात कॅथलिक होते. भुसावळला त्यांची मोठी वस्ती झाली. आमच्या बाजूच्या स्टेशनांवर मात्र एखाददुसरंच घर. बुलढाणा जिल्ह्यात जे ख्रिस्ती आहेत त्यांच्यात अलायन्स मिशनची मंडळी मोठी. त्यांचे अमेरिकन मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अकोल्याहून खामगाव, बुलढाणा, मलकापूरकडे पसरले. ते संतांचे दिवस मानत नाहीत. नाताळ आणि ईस्टर सोडले तर त्यांचं वर्ष रविवारांचं. त्यामुळे शेजारचा ख्रिस्तीसुद्धा आम्हाला विचारायचा, ‘‘काहो, आज कायचा सण तुमचा?’’

कॅथलिकांच्या बाजूने वऱ्हाडचा कारभार नागपूरकडे. तिथे कामठीच्या छावणीमुळे आयरिश शिपायांची वस्ती होती, आणि फ्रान्समधल्या आनसी गावाहून आलेल्या धर्मगुरूंच्या हाती मिशन होतं. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. ८ मे १९५५ ला त्यातून अमरावती धर्मप्रांत निघाला आणि बुलढाणा त्यात आला. त्यातून पुन्हा १७ डिसेंबर १९७७ ला औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा झाला. आमचं मूळ घोगरगावच्या बाजूचं. तिथेही याच आनसीकर धर्मगुरूंनी मिशन काढलं होतं. म्हणजे आजोबांचं गाव आणि माझं गाव १९७७ पर्यंत एकाच बिशपच्या हद्दीत होतं, मग पंचांगाच्या दृष्टीनेही परगाव झालं. कारण प्रत्येक धर्मप्रांताचे स्वतःचे काही दिवस असतात: कॅथेड्रलच्या अर्पणाचा वाढदिवस, आश्रयदात्या संताचा सण. ते दिवस हद्दीपलीकडे चालत नाहीत.

वडील रेल्वेत सांधेवाले. मिस्सा भुसावळला, पॅसेंजरने जाऊन, तीही ड्यूटी जुळली तर. सणांच्या तारखा त्यांना दोन ठिकाणांहून मिळत: भुसावळच्या फादरांकडून, आणि ‘निरोप्या’ मासिकातून. हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी ते १९०३ मध्ये सुरू केलं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले, मध्ये काही वर्षं जपानात हिरोशिमालाही होते. वडील रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कोऱ्या पानांवर वर्षभराचे सण उतरवून ठेवत. फादरांकडे स्वतःची एक बारीक पुस्तिका असे, लॅटिनमध्ये, सगळे शब्द तोडून लिहिलेले. तिला ‘ओर्दो’ म्हणत. आज कोणता सण, कोणत्या रंगाचा झगा, कोणता पाठ, दोन सण एकत्र आले तर कोणता राखायचा, सगळं तिच्यात. ही पुस्तिका नसेल तर भल्या भल्या धर्मगुरूंची पंचाईत होते. ओर्दो आजही निघतो. भारतासाठीचा आता इंग्रजीत असतो.

१९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ आलं आणि घराघरातल्या भिंतीवर गेलं. आमच्याही. त्यात हिंदूंच्या तिथ्यांबरोबर मुसलमान, पारशी, ज्यू आणि ख्रिस्ती सण छापलेले होते. आमचे सण त्यात थोडेच, पण छापील मराठीत, एकादशी आणि प्रदोषाच्या शेजारी. वडिलांना त्याचं अप्रूप होतं. भिंतीवरच्या त्या चौकोनात उरलेले सण ते शिसपेन्सिलीने भरत. माझ्या मते चर्चचं पंचांग दुसऱ्या पंचांगात बसवण्याचं आमच्या घरातलं काम तिथूनच सुरू झालं. फोन नंतर आला.

आता तारखेची गोष्ट. मलकापूरच्या तहसील कचेरीत आज जी तारीख टाकतात ती मुळात ईस्टरसाठी दुरुस्त केलेली तारीख आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ईस्टरचा नियम असा: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या नंतरचा रविवार. २१ मार्च का, तर दिवस-रात्र समान होण्याचा दिवस म्हणून. पण रोमन जुलियन दिनदर्शिकेतलं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठं. सोळाव्या शतकापर्यंत ही मिनिटं साठून दहा दिवस झाले आणि समदिन ११ मार्चवर सरकला. ईस्टर ऋतू सोडून चालला. म्हणून तेराव्या ग्रेगरी पोपने २४ फेब्रुवारी १५८२ ला आज्ञापत्र काढलं, आणि रोममध्ये ४ ऑक्टोबर, गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार उजाडला. योजना लुइजी लिलिओ नावाच्या इटालियन वैद्याची, आणि ती तपासून जगापुढे समर्थनाने मांडणारा क्लाव्हियस हा येशूसंघीय गणिती.

याच क्लाव्हियसचा विद्यार्थी मात्तेओ रिची १५७८ ते १५८२ गोवा-कोचीत होता. पुढे तो चीनला गेला आणि तिथे खगोलगणितावर नाव काढलं. आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला इंग्रज थॉमस स्टीफन्स, आपला ‘ख्रिस्तपुराण’वाला. म्हणजे मराठीत ओव्या लिहिणाऱ्या या माणसाने गोव्यातली पहिली वर्षं जुन्या पंचांगावर काढली आणि उरलेलं आयुष्य नव्यावर. त्याच्या मायदेशाने, इंग्लंडने, पोपचं पंचांग म्हणून ते नाकारलं आणि १७५२ पर्यंत नाकारतच राहिलं. तेव्हा वऱ्हाडात इंग्रजांनी आणलेली तारीख ही आडवळणाने आलेली कॅथलिक तारीखच. हे मी अलायन्सच्या मित्रांना हसत सांगतो. ते हसत नाहीत.

ईस्टर काढायला आकाशाकडे बघावं लागत नाही. साल घ्या, १९ ने भागा, बाकीत एक मिळवा. येतो त्याला सुवर्णांक म्हणतात. २०२६ घेऊ. १९ गुणिले १०६ म्हणजे २०१४, बाकी १२, सुवर्णांक १३. १९०० ते २१९९ या काळासाठीच्या कोष्टकात तेराव्यापुढे २ एप्रिल आहे. २०२६ ला २ एप्रिल गुरुवार, म्हणून ईस्टर रविवारी, ५ एप्रिलला. आता भिंतीवरचं पंचांग बघा: २ एप्रिलला हनुमान जयंती. रोमच्या कोष्टकाची पौर्णिमा आणि आपली चैत्री पौर्णिमा एकच.

पण दर वर्षी असं नसतं, आणि मला या सगळ्यात गोडी लागली ती इथे. चर्चची पौर्णिमा २१ मार्च ते १८ एप्रिल यांच्या आत कुठेतरी पडते. आपली चैत्री पौर्णिमा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतही जाते. हनुमान जयंती १८ एप्रिलच्या पुढे गेली की ईस्टर तिची वाट पाहत नाही, आधीची पौर्णिमा धरतो. ती म्हणजे होळीची. २०२४ ला हनुमान जयंती २३ एप्रिलला होती, म्हणून ईस्टर होळीच्या मागून, ३१ मार्चला आला. त्या वर्षी होळी २४ मार्चला, आणि त्याच दिवशी आमचा झावळ्यांचा रविवार. सकाळी आम्ही शिंदीच्या झावळ्या हातात धरून ‘होसान्ना’ म्हणत होतो आणि संध्याकाळी गल्लीत गोवऱ्या रचल्या जात होत्या. माझ्या नातवंडांना दोन्हीकडे जायचं होतं, गेलीही. २०२१ लाही होळी आणि झावळ्यांचा रविवार एकत्र, २८ मार्चला. म्हणून मी घरच्यांना एवढंच सांगून ठेवलं आहे: हनुमान जयंती कधी आहे बघा. १८ एप्रिलच्या आत असेल तर ईस्टर तिच्या मागे, बाहेर असेल तर होळीच्या मागे.

हा नियमही कधी फसतो. २०१९ ला हनुमान जयंती १९ एप्रिलला होती. नियमाने ईस्टर होळीमागे यायला हवा होता. आकाशाचंही तेच म्हणणं होतं: आपल्या घड्याळाने २१ मार्चच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास समदिन झाला आणि सकाळी सव्वासातच्या आसपास पौर्णिमा पुरी झाली. खरा चंद्र धरला असता तर ईस्टर २४ मार्चला. पण चर्च खरा चंद्र धरत नाही, कोष्टकातला धरतं. कोष्टकाने ती पौर्णिमा २० मार्चला लिहिली होती, म्हणजे एक दिवस आधी, म्हणजे बाद. पुढची १८ एप्रिल, आणि ईस्टर २१ एप्रिलला. शिवाय त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी.

आपल्याकडे लोकमान्य टिळकांपासून चाललेला वाद हाच होता, की जुन्या ग्रंथांच्या गणितावर पंचांग करायचं की प्रत्यक्ष आकाशाशी जुळवून. टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्यात अजूनही सणाचा फरक पडतो. रोमने हा वाद कोष्टकाच्या बाजूने मिटवून टाकला. मला विचाराल तर बरं केलं. चंद्र खरा धरला की कुठल्या गावचा चंद्र हा प्रश्न आलाच, आणि मग मलकापूरचा ईस्टर आणि लिस्बनचा ईस्टर वेगळा झाला असता.

ईस्टर ठरला की निम्मं वर्ष त्याला बांधलं जातं. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, तिथून प्रायश्चित्तकाळ. ४९ दिवसांनी पेंटेकॉस्ट, ६८ दिवसांनी येशूच्या पवित्र हृदयाचा सण. उरलेलं निम्मं तारखांचं, आणि त्यातला मोठा भाग संतांचा. संतांचे सण बहुधा त्यांच्या मरणाच्या दिवशी असतात. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर वारले, त्यांचा सण ३ डिसेंबरला. पुण्यतिथी म्हणा ना. शेगावला हे वेगळं सांगायला नको.

या तारखा दगडावरच्या नव्हत. १९६९ मध्ये सहाव्या पॉल पोपने सगळं पंचांग नव्याने लावलं आणि १ जानेवारी १९७० पासून ते लागू झालं. आनसीकर धर्मगुरूंचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स २९ जानेवारीवरून २४ वर आले. प्रेषित थॉमस २१ डिसेंबरवरून ३ जुलैला आले. सुरियानी परंपरेत ३ जुलै आधीपासूनच होती, केरळचे ख्रिस्ती ती पिढ्यान्पिढ्या पाळत. वडिलांच्या प्रार्थनापुस्तकात आणि नव्या यादीत मेळ बसेना. त्यांनी जुन्या तारखांवर रेघ मारली नाही, शेजारी नव्या लिहिल्या.

जुन्या पंचांगातल्या एका गोष्टीचं मात्र मला कायम नवल वाटलं. २५ एप्रिलला, आणि पुन्हा स्वर्गारोहणाच्या आधीचे तीन दिवस, पिकांसाठी मिरवणुकीने प्रार्थना करायचा नेम होता. युरोपात तेव्हा शेतं हिरवी असतात. आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचं ऊन, नांगरून पडलेली ढेकळं, आणि शेतकऱ्याचं लक्ष मृगाकडे. उभं पीकच नाही तर आशीर्वाद कशाला द्यायचा? १९६९ च्या नियमांनी हे शहाणपण दाखवलं: हे दिवस कधी आणि कसे पाळायचे ते त्या त्या देशाच्या बिशपांनी ठरवावं. गोव्याच्या लोकांनी रोमच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांचं फेस्त होतं, ताळगावला २१ ऑगस्टला. वऱ्हाडातल्या कॅथलिकांचा असा स्वतःचा शेतीचा सण नाही. कपाशी आणि सोयाबीनवर जगणाऱ्या भागात तो असायला हवा होता, असं मला वाटतं. आमची माणसं पोळ्याला बैल सजवतात आणि तेवढ्यावर भागवतात.

फोनात हे सगळं घालताना काय होतं ते आता बघा.

फोनांच्या दिनदर्शिकांची एक सामायिक लिपी आहे, आयकॅलेंडर नावाची. १९९८ मध्ये तिचे नियम ठरले, २००९ मध्ये सुधारले. तिच्या फायलीच्या नावाला आयसीएस असं शेपूट असतं. तिच्यात ‘दर वर्षी ३ डिसेंबर’ सांगता येतं, ‘नोव्हेंबरचा चौथा गुरुवार’ सांगता येतो. ‘पौर्णिमेनंतरचा रविवार’ सांगता येत नाही. नियमाच्या त्या मूळ भाषेत चंद्रच नाही. म्हणून ईस्टर आणि त्याला बांधलेला प्रत्येक दिवस आधी बाहेर गणित करून, साल-साल वेगळा लिहून भरावा लागतो. रॉमकॅल नावाची एक मुक्त प्रणाली हे गणित करते. पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला दाखवली. पण मास्तरकीची खोड जात नाही, मी कोष्टक हातानेही ताडून पाहतो.

मग दुसरं. दोन सण एका दिवशी आले तर? फोन दोन्ही दाखवतो आणि मोकळा होतो. ओर्दोला असं मोकळं होता येत नाही. २५ मार्च हा मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाचा महोत्सव. २०२४ ला तो पवित्र आठवड्याच्या सोमवारी पडला. तो आठवडा कोणालाच जागा देत नाही, म्हणून महोत्सव सरकून ८ एप्रिलला गेला. तयार यादीत तो २५ मार्चलाच ठाण मांडून होता. त्याच वर्षी ८ सप्टेंबर रविवारी आला. सामान्य नियमाने रविवार मोठा, म्हणून मरियेचा जन्मसण त्या वर्षी गाळला गेला. तिच्या नावाच्या तीर्थस्थानी गोष्ट वेगळी. आणि क्षय? तोही आहे. सामान्यकाळाचे आठवडे कधी ३४ भरतात, कधी ३३. २०२६ ला राखेच्या बुधवारपर्यंत, म्हणजे १८ फेब्रुवारीपर्यंत, सहावा आठवडा चालू असतो, आणि पेंटेकॉस्टनंतर, २५ मेला, एकदम आठवा लागतो. सातवा लोप पावतो. क्षय तिथीची सवय असलेल्याला याचं काही वाटत नाही. फोनला वाटतं.

तिसरं, देशभेद. आमच्याकडे जी तयार फाईल पहिल्यांदा आली ती परदेशातली होती. तिच्यात स्वर्गारोहण गुरुवारी होतं. भारतात तो सण रविवारी पाळतात, तसाच पवित्र शरीर-रक्ताचा सण आणि तीन राजांचा सणही रविवारी. फ्रान्सिस झेवियर आणि प्रेषित थॉमस हे भारतात मोठे महोत्सव, त्या फाईलमध्ये त्यांना बारकी जागा. १५ ऑगस्टला मरियेचं स्वर्गोन्नयन होतं, पण झेंडावंदन कुठून असणार? आमच्याकडे त्या दिवशी मिस्सा आणि झेंडा दोन्ही असतात. शिवाय सगळे सण सकाळी साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेपाचला संपत होते. ही गंमत नव्हती. बनवणाऱ्याने दिवसाची सुरुवात ग्रिनिचच्या मध्यरात्रीने लिहिली होती, आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. त्यामुळे प्रत्येक संत दोन चौकोनांवर पाय ठेवून उभा.

दिवस सुरू कधी होतो, हाही साधा प्रश्न नाही. पंचांगात सूर्योदयाला. फोनात मध्यरात्री. चर्चमध्ये रविवार आणि मोठे सण आदल्या संध्याकाळी लागतात, म्हणून शनिवारी सांजेची मिस्सा रविवारची म्हणून चालते. एका फादरांना चार ठिकाणं सांभाळायची असतात तिथे ही सोय मोठी. मी सणाच्या चौकोनात आदल्या संध्याकाळची वेळही मराठीत लिहून ठेवतो.

आणि केरळच्या नर्सबाईंचं काय? आमच्या भागातल्या दवाखान्यांत, शाळांत केरळच्या मुली आणि सिस्टर असतात. त्यांच्यातल्या कितीतरी सिरो-मलबार चर्चच्या. कॅथलिकच, पण त्यांचं वर्ष निराळं. त्यांचे काळ नऊ, त्यांतला एक प्रेषितांचा, एक एलियाचा, एक मोशेचा. आमच्या कपाळाला राख बुधवारी लागते, त्यांच्या त्याच्या आधीच्या सोमवारी. एका सिस्टरना मी आमची फाईल दिली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘मास्तर, अच्छा है, पर हमारा दूसरा है.’’ त्यांच्यासाठी दुसरी फाईल करायला हवी, वेगळ्या रंगात. फोनला दोन पंचांगं एकावर एक ठेवता येतात. भिंतीवरच्या कागदापेक्षा एवढं मात्र त्याला जास्त जमतं, हे मान्य केलं पाहिजे.

राज्य सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत आमचे दोनच दिवस, गुड फ्रायडे आणि नाताळ. तेवढ्यावर कुणी ख्रिस्ती पंचांग ओळखलं असं समजू नये. पंचांग जिवंत असतं तेव्हा त्यात भरही पडते: कोलकात्याच्या मदर तेरेसा यांचा ५ सप्टेंबर हा दिवस सार्वत्रिक पंचांगात घेतल्याचं रोमने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. जुन्या फायलींत तो नाही. दर वर्षी कोणीतरी बसून हे बघावं लागतं. धर्मप्रांतांनी आपापल्या कार्यालयातून मराठीत अशी एक फाईल दर आगमनकाळाच्या आधी काढावी, ओर्दोवरून ताडून, आणि तिच्यात स्थानिक सण घालावेत. संगणक शिकलेली आमची दहा पोरं हे काम एका रविवारी दुपारी करतील. त्यांना कोणी विचारलेलं नाही.

तोवर २०२७ साठी हातानेच लिहून घ्या. सुवर्णांक १४, कोष्टकाची पौर्णिमा २२ मार्च, सोमवार. राखेचा बुधवार १० फेब्रुवारी, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. २५ मार्चला आज्ञा गुरुवार आहे, म्हणून देवदूताच्या संदेशाचा महोत्सव ५ एप्रिलला. फोन काही म्हणो.